आजोबांची अखेरची चढाई

सत्तराव्या वाढदिवसाच्या सकाळी योखिम आजोबांनी न्याहारीच्या टेबलावरून हुकूम काढला. दुपारी तीनच्या आत दिवाणखान्यातली शेगडी पूर्ण दाबावर आली पाहिजे, आणि त्यासाठी तळघरातला सगळा कोळसा वर आणायचा. सगळा म्हणजे सगळा.

त्यांची सून वीबके पावाला सलगमाचा मुरंबा लावत होती. तिची सुरी जागच्या जागी थांबली.

"मामंजी, तो हिवाळ्याचा कोळसा आहे."

"माहीत आहे मला."

"आज ऑक्टोबरची सत्तावीस. हिवाळा अजून उंबऱ्यातही आलेला नाही."

"माझे जुने सोबती येणार. त्यांना काय कोट-टोप्या घालून बसवू घरात? एकदा, शेवटचं, ह्या घराची शेगडी लाल झालेली दिसू दे चारचौघांना. मग गारठून मेलो तरी चालेल."

"तू मरशील रे, तुझी सत्तरी झाली," आजोबांची थोरली बहीण मेटाअक्का म्हणाली. "मी अजून चौऱ्याहत्तरचीच आहे. मला फेब्रुवारी बघायचाय."

पण हुकूम तो हुकूम. जर्मनीतल्या किएल बंदराच्या पूर्व काठावर आम्ही सगळी अशीच माणसं. अर्धी जहाजं बांधणारी, अर्धी त्यांना कोळसा खाऊ घालणारी, आणि घरात बायकांच्या मुठीत असूनही वर हुकूम सोडणारी. योखिम लोरेंझेनांनी एकतीस वर्षं नौदलाच्या यंत्रघरांत काढली होती आणि मुख्य यंत्रचालक म्हणून ते निवृत्त झाले होते. त्यामुळे हिरव्या फरश्यांची ती छताला भिडणारी शेगडी त्यांच्या लेखी बॉयलर होती, दिवाणखाना डेक होता आणि वीबके ही कधीही फितूर होईल अशी खलाशांची टोळी होती.

वीबकेचा नवरा कार्स्टेन, म्हणजे आजोबांचा थोरला मुलगा, बापाच्याच मागे जहाजाच्या भट्टीघरात गेला. दोन वर्षांपूर्वी, १९१६ साली, इंग्रजांशी झालेल्या स्कागेराकच्या आरमारी लढाईत त्याचं जहाज बुडालं आणि तो तिथेच राहिला. तेव्हापासून आजोबांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आता त्याचा एकुलता एक मुलगा डेटलेफ, वय वर्षं वीस, 'लँडग्राफ' युद्धनौकेवर त्याच कामाला होता. चार दिवसांच्या रजेवर आलेला. आज संध्याकाळी पाच वीसची गाडी. उद्या विल्हेल्म्सहाफेनच्या नाविक तळावर हजेरी.

आणि तो परत आला नाही तर काय, ह्या एकाच गोष्टीने वीबकेच्या पोटात चार दिवस अन्न ठरत नव्हतं. तसं ठरायला फारसं अन्नही नव्हतं म्हणा.

"भावोजी, जरा आत या."

वोल्डेमार, आजोबांचा धाकटा मुलगा, स्वयंपाकघरात आला तो पोटावर हात ठेवूनच. ते पोट दुखतं म्हणून त्याला आघाडीवरून घरी पाठवलं होतं. आघाडी म्हणजे तशी आघाडीच्या बऱ्याच मागे, पुरवठ्याच्या कचेरीत. तोफेचा आवाज त्याने ऐकला होता, पण वारा अनुकूल असेल तेव्हाच.

"डेटलेफने आल्या दिवशीच सांगितलं मला," वीबके दार लोटून म्हणाली. "जहाजांत काठोकाठ कोळसा भरलाय. अधिकाऱ्यांनी आपल्या पेट्या, बायकापोरांचे फोटो घरी धाडून दिलेत. त्यांना वाढणारा पोरगा सांगत होता, जेवताना मानाच्या मरणाच्या गोष्टी करतात म्हणे. तिकडे बर्लिनवाले तह मागतायत, आठ-पंधरा दिवसांत सगळं संपेल, आणि ह्यांना आत्ताच मरायची घाई झालीये."

"अफवा, वहिनी."

"तुमच्याकडे शिक्का आहे ना? प्रवासाला अयोग्य, एवढं लिहा. शिक्का मारा. आठ दिवस राहू दे त्याला घरी."

वोल्डेमारने मिशीला पीळ भरला. वहिनीला नाही म्हणणं जड जात होतं, कारण तिच्याच हातचं जेवायचं होतं. "शिक्का आहे," तो म्हणाला. "पण तो घोड्यांच्या खात्याचा."

"म्हणजे?"

"म्हणजे डेटलेफ चालण्यास अयोग्य असून त्याला मागे ठेवावा, हे मी लिहू शकतो. पण त्याखाली उंची, रंग आणि खुरांची अवस्था भरावी लागते."

मेटाअक्का सलगम चिरत होती. तिने मान वर केली. "लिही की. विल्हेल्म्सहाफेनला कोण एवढं वाचून बघतंय?"

"आत्या, गोळी घालतात!"

"तुला की त्याला?"

"दोघांना!"

"मग तुझं पोट तरी कायमचं थांबेल," मेटाअक्काने निकाल दिला आणि परत सलगमाकडे वळली.

वीबकेने डोळे पुसले. प्रोब्स्टाईत तिच्या भावाचं शेत होतं, गवताचा माळा होता. तिथे लपून बस, असंही तिने डेटलेफला सुचवलं होतं. पोरगा म्हणाला होता, "आई, माझ्या पाळीला अकरा जण आहेत. मी माळ्यावर आणि ते दहा जण खाली, असं कसं?" पोराला बापाचं नाक मिळालं होतं तेवढं पुरे होतं, बापाचा स्वभाव मिळायची काही गरज नव्हती.

तीन वाजता सोबत्यांपैकी फक्त केटेल्स आले. सहांपैकी दोघे देवाघरी गेले होते आणि तिघांना ह्या नव्या तापाने अंथरुणाला खिळवलं होतं. केटेल्स हे जुने डेकवरचे मुकादम. त्यांनी दारातच कोटाच्या एका खिशातून कोळशाची वीट काढली, कारण कुणाकडे जाताना आपली ऊब आपणच न्यायची हा त्या दिवसांतला शिष्टाचार होता. दुसऱ्या खिशातून त्यांनी लाकडाची चपटी पेटी काढली.

"स्प्रॅट!" मेटाअक्काच्या तोंडून किंकाळीच फुटली.

धुरावलेले, सोनेरी, बोटाएवढे मासे. आख्ख्या किएलची शान, आणि दीड वर्षात ह्या घराने त्यांचा वासही घेतला नव्हता. पाचही जण पेटीवर वाकले. आजोबांनी पेटी ओढून घेतली.

"थांबा. कुणी हात लावायचा नाही. बरं झालं आणलेत, केटेल्स. मला कालपासून जहाजं कमी पडत होती."

वोल्डेमारने आवंढा गिळला. "बाबा, मासे आहेत ते."

"आत्ता जहाजं आहेत. नंतर मासे."

शेगडी एव्हाना धडधडत होती. घरात इतकी ऊब झाली की केटेल्सनी कोट काढला, मग जाकीट काढलं आणि मग ते थोडेसे लाजले. आजोबा तेवढ्या सुखाने वीस वर्षांनी तरुण झाले. त्यांनी टेबलावरच्या बशा बाजूला केल्या आणि चादरीवर हात फिरवून समुद्र सपाट केला.

"पेपरात काय आलं? पाणबुड्या प्रवासी जहाजांना हात लावणार नाहीत. लोक म्हणाले, वा, शांतता! मूर्ख आहेत लोक. इतक्या पाणबुड्या मोकळ्या झाल्या, त्या काय माशा मारायला ठेवतील? मी पेपर वाचला आणि मला आख्खा बेत दिसला. हे बघा." त्यांनी पेटी उघडली. "हे आपलं आरमार, आपल्या खाडीत. हा पावाचा पाट म्हणजे फ्लँडर्सचा किनारा. कॉफीचं भांडं म्हणजे इंग्लंड, आणि त्याची चोच म्हणजे थेम्सचं मुख. पहिल्याने आपल्या लहान बोटी इकडे फ्लँडर्सला आणि इकडे चोचीपाशी जाऊन धुडगूस घालणार." चार बारके मासे रवाना झाले. "इंग्रज चिडणार. उत्तरेतून त्याचं मोठं आरमार खाली धावत येणार. अक्का, सलगम दे."

"कच्चा आहे."

"इंग्रज कच्चाच असतो. दे."

चिरलेल्या सलगमाच्या फोडी चादरीच्या वरच्या कडेला ओळीने लागल्या. आजोबांनी मेटाअक्काच्या शिवणाच्या डब्यातली बटणं उधळली. "हे सुरुंग. ह्या आगकाड्या म्हणजे पाणबुड्या, वाटेत दबा धरून. इंग्रज येता येता अर्धा मोडणार, आणि उरलेल्या अर्ध्याशी इथे, हॉलंडच्या वर, आपली गाठ!"

केटेल्सनी टाळी वाजवली. डेटलेफ मात्र शेगडीजवळच्या स्टुलावर पांढराफटक पडला होता. दाबून भरलेला कोळसा, घरी गेलेल्या पेट्या, सगळं त्या चादरीवर जागच्या जागी बसत होतं. जहाजावरची कुजबुज खोटी निघावी अशी तो चार दिवस प्रार्थना करत होता, आणि म्हातारा जहाजांच्या बाबतीत कधी चुकला नव्हता.

"फोडी किती आहेत?" वोल्डेमारने विचारलं.

"दुप्पट."

"आणि अर्ध्या मोडल्या नाहीत तर?"

"तर मान राहतो."

"मान!" वोल्डेमारला कळ आली, ती पोटात की मनात ते त्यालाच कळलं नाही. "चार वर्षं आम्ही चिखलात काढली, तुमचं आरमार बंदरात रंग लावत बसलं. आता आम्ही तह करायला निघालो तर ह्यांना मान आठवला! आणि अमेरिकेला लढाईत ओढून आणलं कुणी? तुमच्याच आगकाड्यांनी ना?"

"तू शिकवू नकोस मला! तुमचे मोठे सेनापती कालच घरी बसलेत. ऑगस्टपासून नुसते पळताय!"

"पळत नाही. मोर्चा आखूड करतोय."

"किती आखूड? अजून थोडा आखूड केलात तर आपल्या अंगणात येईल!"

"शिस्तीने आखूड करतोय!"

"पडलो तरी नाक वर," मेटाअक्का कुणालाही उद्देशून न म्हणता म्हणाली.

बोलता बोलता वोल्डेमारचा हात चादरीवर गेला. तो मुद्दाम गेला नव्हता. चार वर्षांच्या सलगमाने तो हात आपोआप तिकडे नेला. आरमारातला सगळ्यात लठ्ठ मासा शेपटासकट त्याच्या तोंडात गेला.

"ते निशाणाचं जहाज होतं!" आजोबा गरजले.

"खारट होतं," वोल्डेमार म्हणाला, आणि आता मार खायचाच आहे तर पोटभर खाऊ, अशा हिशोबाने त्याने दुसरंही उचललं.

केटेल्स काटा उगारून उरलेल्या आरमाराच्या रक्षणाला धावले. त्या धावपळीत दोन छोटी जहाजं त्यांच्याही तोंडात गेली. मेटाअक्काने थेम्सच्या मुखाशी पोचलेली बोट शांतपणे उचलून खाल्ली, कारण ती तिच्या बशीच्या हद्दीत होती. ब्रिटिश आरमाराच्या केसालाही धक्का लागला नाही. कच्चा सलगम कोण खातो?

"आजोबा," डेटलेफ म्हणाला.

तो जोरात बोलला नव्हता, पण सगळे थांबले.

"ह्यात परत यायचा भाग कुठे आहे?"

आजोबांनी चादरीकडे पाहिलं. जाण्याची वाट त्यांनी इतकी नीट आखली होती. येण्याची वाट चादरीवर नव्हती. "हे बघ," ते म्हणाले, "न लढता आरमार शत्रूच्या हवाली केलं तर देश पुन्हा कधी आरमार बांधणार नाही. पुढच्या पिढीला आरमार हवं असेल, तर..."

"पुढची पिढी म्हणजे मीच ना?"

 आजोबांनी नेहमीचंच केलं, हुकूम सोडला. "डेटलेफ, शेगडी पडतेय. उरलेल्या विटा टाक."

डेटलेफ उठला. कसलीही कुरकुर न करता त्याने फावडं घेतलं, गुडघे किंचित वाकवले, दार उघडलं. आतल्या लाल उजेडात त्याचं कपाळ घामाने चमकलं. पहिली वीट आत गेली. दुसरी गेली.

वीबकेने ते पाहिलं आणि तिला कार्स्टेन दिसला. तिने त्याला भट्टीघरात कधीच पाहिलेलं नव्हतं, तिथे बायकांना कोण नेतं? पण तो असाच वाकला असणार. वरून कुणीतरी सांगितलं असणार, टाक, आणि तो टाकत राहिला असणार, वर काय चाललंय ते न कळता, पाणी आत येईपर्यंत. तिने मेटाअक्काकडे पाहिलं. मेटाअक्काने माशाचं शेपूट तोंडातून काढलं आणि मानेने स्वयंपाकघराच्या दाराकडे खूण केली. तिथे लादी पुसायच्या पाण्याची बादली होती.

"बाजूला हो, बाळा," वीबके म्हणाली आणि तिने आख्खी बादली शेगडीत रिकामी केली.

असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरची शिंपीण रस्त्यावर पळाली. हिरव्या फरश्या तडातडा उडाल्या. दारातून काळ्या वाफेचा लोट निघाला आणि त्याने छत, चादर, इंग्लंड, फ्लँडर्स आणि उरलंसुरलं आरमार एकजात काळं करून टाकलं.

"सुरुंग!" केटेल्स ओरडले.

"गोळा! आडवे व्हा!" वोल्डेमार टेबलाखालून ओरडला. तो तिथे कधी गेला हे कुणी पाहिलं नव्हतं. चार वर्षांत आघाडीवर त्याला एवढी चपळाई कधी दाखवावी लागली नव्हती.

वाफ विरली. शेगडीच्या पोटाला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. समोर वीबके रिकामी बादली धरून उभी होती, तोंडभर काजळी. आजोबा तिच्यापाशी पोचले. आता हे हात उगारतील असं डेटलेफला वाटलं आणि तो मध्ये पडायला पुढे सरला. पण आजोबांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"डोळे उघड. भाजलं का कुठे? हात दाखव. दुसरा."

"नाही भाजलं."

"नाही भाजलं!" आता मात्र त्यांचा आवाज फुटला. "तापल्या भट्टीत पाणी? पाणी? एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाच्या घरात, तापल्या भट्टीत पाणी ओतते ही बाई! तोंड सोलून निघालं असतं! मेली असतीस!"

"मग मेले असते!" वीबकेही ओरडली. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, सासऱ्यापुढे तिचा आवाज एवढा चढला नव्हता. "मामंजी, एक लोरेंझेन मी भट्टीला दिलाय. परत मिळाला नाही. त्याचं नावही तुम्ही ह्या घरात घेऊ दिलं नाहीत. कार्स्टेन! कार्स्टेन होतं त्याचं नाव! आता उरलेला कोळसा आणि उरलेला मुलगा, दोन्ही एकाच दुपारी मी तुम्हाला जाळू देणार नाही. शेगडी विझवली मी. काय शिक्षा करायची ती करा."

"आणि मी सांगितलं तिला," मेटाअक्का म्हणाली. "दोघींना कर."

"मीसुद्धा," टेबलाखालून वोल्डेमार म्हणाला. मग त्याला वाटलं, हे जरा जास्तच झालं, आणि त्याने जोडलं, "म्हणजे, तत्त्वतः."

केटेल्सनी जाकीट चढवलं, मग कोट चढवला, आणि ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. दुसऱ्याच्या घरातलं बंड पाहू नये एवढी रीत त्यांना होती.

आजोबा शेगडीसमोर गुडघ्यांवर बसले. सत्तरीचे गुडघे, ते बसताना वाजले. आत अर्धे निखारे अजून धुमसत होते.  कार्स्टेनला भट्टीघराचं काम त्यांनीच शिकवलं होतं, ह्याच शेगडीवर. पेटवायचं कसं, दाब धरायचा कसा, कोळसा पसरायचा कसा, सगळं. विझवायचं कसं ते शिकवलं नव्हतं. तशी वेळच येत नाही, असं त्यांना वाटे. विझवायचा हुकूम वरून येतो, तेव्हा वरचेच सांगतात. आणि स्कागेराकला वरून कुणी काही सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं ते रोज संध्याकाळी शेगडीचं पितळी दार घासत बसत, ते ह्याच विचाराशी मारामारी करत. आज कुणीतरी ते नाव मोठ्याने घेतलं, आणि ते ऐकून छत कोसळलं नाही.

"पळून जायचं नाही," ते शेवटी म्हणाले, निखाऱ्यांकडेच बघत. "लोरेंझेन पळत नाही. पळाला तर गोळी घालतात, आणि न पळालेल्या दहा जणांना बुडवतात."

"मी कुठे पळतोय आजोबा?" डेटलेफ म्हणाला. "पाच वीसची गाडी आहे. जातोय मी."

वीबकेच्या हातातली बादली खाली पडली.

"मग इकडे ये. ती निखारे ओढायची आकडी घे. आईने केलेली ही घाण साफ कर. मी सांगतो तशी."

डेटलेफ शेजारी बसला. आजोबा खाकरले. आणि ज्या आवाजात ते पूर्वी नव्या पोरांना धडा देत, त्या कोरड्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"विझवायचं म्हणजे पाणी ओतायचं नाही. ते बायकांचं काम."

"ऐकलं मी," वीबके म्हणाली.

"ऐकण्यासाठीच बोललो. पहिल्याने कोळसा टाकणं बंद. मग हवा बंद, खालचं राखेचं दार लाव. लाव. हां. आता बॉयलरमधलं पाणी कुठे बघशील?"

"पातळीच्या काचेत."

"काच अर्धी भरलेली पाहिजे. ती कमी असेल तर निखाऱ्याला हात लावायचा नाही, आधी पाणी घ्यायचं. मग वाफ हळूहळू सोडायची. हळूहळू! एकदम सोडलीस तर शिट्टी होते आणि वर कळतं. मग आकडीने निखारे पुढे ओढायचे, असे, आणि खाली लोखंडावर पसरायचे. पाय सांभाळून. तिथे बूट घालायचे, लाकडी खडावा चालत नाहीत."

डेटलेफची आकडी थांबली. त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पाहिलं नाही.

"एका भट्टीला किती वेळ लागतो?" डेटलेफने हळूच विचारलं.

"तुला? अर्धा तास. मला वीस मिनिटं लागत. पण एकट्याने करायचं नाही. एक भट्टी विझली तर एका माणसाला धरून नेतात. आपल्या पाळीच्या सगळ्या भट्ट्या, एकाच वेळी. शेजारच्या भट्टीघराला आधी सांगून. सगळ्याच विझल्या तर वर कितीही मोठे अधिकारी असोत, त्यांच्यातल्या एकालाही फावडं धरता येत नाही." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "केटेल्स, तुम्ही काही ऐकताय का?"

"मी बंदर बघतोय," केटेल्स म्हणाले. "छान दिसतंय. जहाजं मुक्कामाला असली की बंदराला शोभा येते. आणि साहेब, नांगर उचलायचं चाक असतं ना, त्यालाही वाफच लागते हं. असं आपलं सहज आठवलं."

वोल्डेमार टेबलाखालून बाहेर आला. आपल्याला काही समजलेलं नाही असा चेहरा त्याने केला. तो चेहरा त्याला कचेरीत पुष्कळ वेळा लागला होता, त्यामुळे छान जमला. "भूदलाच्या भाषेत," तो कपडे झटकत म्हणाला, "ह्याला मोर्चा आखूड करणं म्हणतात."

"तू गप्प बस. माझं निशाणाचं जहाज खाल्लंस तू." आजोबा पुन्हा नातवाकडे वळले. "म्हण. पहिल्यापासून."

"कोळसा बंद. हवा बंद. निखारे ओढायचे..."

"काच! काच विसरलास! काच विसरलास तर बॉयलर फुटेल आणि अकरा जण उकडून मराल! पुन्हा."

डेटलेफने पुन्हा म्हटलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा कुठे अडलं नाही. वीबके भिंतीला टेकून ऐकत होती. सासऱ्याने तिला आयुष्यात कधी 'माफ कर' म्हटलं नव्हतं आणि आताही म्हणत नव्हता. तिच्या मनातली भीती काही गेली नाही. पण चार दिवस त्या भीतीच्या शेजारी दुसरं काही नव्हतं, आता एक अर्ध्या तासाचं काम होतं. तिने मुलाचा कोट आणला, त्याच्या तोंडावरची काजळी आपल्या ओल्या ॲप्रनने पुसायला गेली आणि अर्ध्यात थांबली. काजळीतच तो जास्त ओळखीचा वाटत होता. मेटाअक्काने चादरीवरून काळे झालेले तीन मासे शोधून कागदात बांधले आणि त्याच्या खिशात कोंबले.

दारात डेटलेफ थांबला. त्याला विचारल्यावाचून राहवेना. "आजोबा, हा तुमचा हुकूम समजायचा का?"

योखिम लोरेंझेनांनी एकतीस वर्षांत एकही हुकूम मोडला नव्हता, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी नातवाच्या कोटाचं वरचं बटण लावलं. ते निसटलं, म्हणून पुन्हा लावलं.

"हुकूम वरून येतात, कार्स्टेन," ते म्हणाले. "हे खालून आलंय."

चुकीचं नाव आलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं, आणि कुणी सुधारलं नाही. डेटलेफ "हो, आजोबा" म्हणाला आणि जिना उतरून पाच वीसच्या गाडीला गेला.